पिस्तूल निवडण्याचे एक्केचाळीस कॉलम

शनिवार, १ मार्च २०२५. सकाळी ७.१०

ग्रीन कार्ड येऊन आज तीन आठवडे. चौदा वर्षं व्हिसावर काढली, आता मी पर्मनंट. पर्मनंट माणसाला पर्मनंट छंद हवा. डॉक्टरीणबाईंनीही परवा बी.पी. बघून सांगितलं, मन एकाग्र होईल असं काहीतरी करा. त्यांच्या डोक्यात योगा होता. माझ्या डोक्यात टार्गेट प्रॅक्टिस आहे.

कल्पना शेजारच्या गॅरीची. रिटायर्ड पोस्टमन. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता म्हणाला, शनिवारी रेंजवर येत जा, दहा मिनिटांवर आहे, एखादं छोटं पिस्तूल घे, महाग नसतात. या गल्लीत मला चौदा वर्षांत कोणी कुठे 'ये' म्हणालेलं नाही. लगेच हो म्हटलं.

संकल्प: महिन्याभरात पिस्तूल. तीन महिन्यांत मेडल. (कुठलं, ते बघू.)

रविवार, २ मार्च

एक्सेल शीट तयार. एकोणीस मॉडेल्स, एक्केचाळीस कॉलम. वजन, नळीची लांबी, किंमत, गोळ्या अडकतात का, साफ करायला किती वेळ, रंग, रंग बायकोला, सुवर्णाला, आवडेल का. आयुष्य क्यूएमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात गेलं. भावनेच्या भरात वस्तू उचलणारे आम्ही नव्हे.

माझ्या मित्राला, सिद्धेशला, शीट पाठवली. तो नागपूरचा, सगळं पटकन पाहिजे असतं. म्हणाला, यार मोऱ्या, अमेरिकेत लोक पिस्तूल आधी घेतात, विचार नंतर करतात. त्याला प्रोसेसची कदर नाही.

सुवर्णाला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

मंगळवार, ४ मार्च. रात्री ८.४०

वेळ चुकली. सुवर्णा इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. बारा तासांची शिफ्ट करून आली होती, बूटही पायात होते. खिचडी वाढता वाढता विषय काढला. म्हणाली, घरात बंदूक येणार नाही.

मी शांतपणे सांगितलं की बंदूक नव्हे, पिस्तूल. तेही पॉइंट टू-टू. सगळ्यात लहान कॅलिबर. गोळी म्हणजे शेंगदाण्याएवढी.

म्हणाली, मग शेंगदाणे आण.

स्वानंदी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, मॉम वन, डॅड झीरो. सोळा वर्षांची झाली, वडिलांशी इतकंच बोलते.

नंतर नीट विचार केला. 'घरात' येणार नाही, असं ती म्हणाली. घराबाहेर हरकत नाही. म्हणजे तत्त्वतः मंजुरी मिळाली. शीटमध्ये नोंद केली.

शनिवार, ८ मार्च

ऐतिहासिक दिवस. गॅरीबरोबर रेंजवर. पुढे दुकान, मागे रेंज. काउंटरवर डार्लीन नावाच्या बाई. वय सत्तरच्या आसपास. तीस वर्षं स्कूल बस चालवली, आता नेमबाजी शिकवतात. आवाज अजून बसमधलाच आहे.

मी मोठ्या पिस्तुलांच्या कपाटापाशी गेलो तर हाताला धरून परत आणलं. ट्वेंटी-टूनेच, म्हणजे त्या पॉइंट टू-टूनेच सुरुवात करायची, म्हणाल्या. गोळ्या स्वस्त, धक्का कमी. मी नम्रपणे सांगितलं की मी अगदीच नवखा नाही, कॉलेजात एन.सी.सी.ला होतो. (दोन महिने. बॅंडमध्ये. पण युनिफॉर्म एकच असतो.)

एक ट्वेंटी-टू भाड्याने घेतलं. दहा गोळ्या. नऊ कुठे गेल्या, कळलं नाही. दहावी बरोबर नऊच्या वर्तुळात. कागद मात्र शेजारच्या लेनमधला होता. त्या माणसाने मोठ्या मनाने हात हलवला. माझ्या मते नेम उत्तम आहे, फक्त दिशेवर काम करायला हवं.

शनिवार, १५ मार्च

दोष पिस्तुलाचा होता. मूठ अमेरिकन हातासाठी केलेली. आज दुसरं मॉडेल. दहापैकी एक कागदावर, कोपऱ्यात, जिथे छापखान्याचं नाव असतं तिथे. सुधारणा शंभर टक्के.

शनिवार, २२ मार्च

तिसरं पिस्तूल. यातही दोष निघाला.

डार्लीनबाई माझ्या बाजूला उभ्या राहून निरीक्षण करत होत्या. शेवटी विचारलं, हनी, गोळी झाडताना तू डोळे मिटतोस, हे तुला माहीत आहे का?

मी म्हटलं, एक डोळा मिटायचा असतो ना?

तू दोन्ही मिटतोस, म्हणाल्या.

एकाग्रता फार झाली की असं होत असावं.

गुरुवार, २७ मार्च. संध्याकाळी ७

घरी सराव सुरू. धडाम आवाज झाला तरी पापणी हलता कामा नये. घरात तसा आवाज कुकरचाच. डाळ लावली, कुकरसमोर सहा फुटांवर पाय फाकवून उभा राहिलो, दोन्ही हातांत टीव्हीचा रिमोट. शिट्टी झाली की बटण दाबायचं. डोळ्यांवर लक्ष ठेवायला स्वानंदीला बसवलं, पाच डॉलर कबूल करून.

पहिली शिट्टी. डॅड, यू ब्लिंक्ड.

दुसरी शिट्टी. डॅड, यू ब्लिंक्ड अगेन.

तिसऱ्या वेळी म्हणाली, डॅड, तू शिट्टीच्या आधीच ब्लिंक केलं. दॅट्स अ‍ॅक्च्युअली इम्प्रेसिव्ह.

ती हसायला लागली. मग मलाही हसू आलं. दोघं ओट्याला टेकून इतके हसलो की चार शिट्ट्या आणखी झाल्या. तेवढ्यात सुवर्णा आली. नवरा डाळीवर रिमोट रोखून उभा. तिने गॅस बंद केला.

डाळीचं पिठलं झालं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी

शीटचा निकाल लागला. पहिला नंबर एका अशा पिस्तुलाचा, जे मी एका हाताने उचलू शकत नाही. तपासलं. बेरजेत वजनाचा कॉलम पण धरला गेला होता, तोही ग्रॅममध्ये. जितकं जड तितकं श्रेष्ठ. ही चूक ज्युनिअरने केली असती तर त्याला मी झापलं असतं.

दुपारी ४

दुकानात गॅरीने एकेक पिस्तूल माझ्या हातात दिलं. कसं वाटतंय, कसं वाटतंय, करत तीन मिनिटांत एक निवडलं. काळं, हलकं, स्वस्ताईत दुसऱ्या नंबरचं. हातात अगदी बसलं. एक्केचाळीस कॉलम वाया गेले असं म्हणता येणार नाही. त्यांनी माझी मानसिक तयारी केली.

डिपॉझिट भरलं, फॉर्म भरला. गुन्हेगारी नोंदींची तपासणी पंधरा मिनिटांत क्लिअर. केंद्र सरकारची माझ्याबद्दल काही तक्रार नाही. आता फक्त सुवर्णा राहिली.

डार्लीनबाईंना खाजगीत सांगितलं की घरी थोडं नूतनीकरण चालू आहे. पिस्तूल महिनाभर दुकानातच ठेवतो म्हणाल्या. खोक्यावर माझं नाव लिहिलं. स्पेलिंग चुकलं, पण आपलेपणाने लिहिलं.

रविवार, १३ एप्रिल

पिस्तुलाला घर शोधतोय. सिद्धेश मित्र म्हणून हो म्हणाला. दहा मिनिटांत त्याचा परत फोन. बायको, सुमेधा, नाही म्हणते. मागून तिचा आवाज येत होता, भावजी, आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत, तुम्हाला काही कळतं का? मी म्हटलं, कपाटात वर ठेवा. त्यावर ती जे म्हणाली ते सिद्धेशने फोनवर हात ठेवून अडवलं.

माणसं पाहुण्यांना महिनोन्‌महिने ठेवून घेतात. अर्ध्या किलोचं पिस्तूल जड होतं.

बुधवार, १६ एप्रिल

गॅरीला विचारलं. त्याच्याकडे तळघरात लोखंडी सेफ आहे. जागा आहे, म्हणाला. मग विचारलं, सुवर्णाला माहीत आहे ना? मी म्हटलं, तत्त्वतः. गॅरीने फावडं भिंतीला टेकवलं. म्हणाला, मोर (मोरेश्वर त्याला जमत नाही), बायकोपासून लपवायची वस्तू मी ठेवणार नाही. तिला सांग, मग आण.

चांगला माणूस. थोडा जुन्या वळणाचा.

शनिवार, २६ एप्रिल

रेंजवर गेलो नाही, नुसता दुकानात. आता दर शनिवारी असंच चालतं. डार्लीनबाई खोकं काढतात, झाकण उघडतात, मी पाच मिनिटं बघतो. बरं आहे का, विचारतात. बरं आहे, म्हणतो. मग झाकण लावतात. हॉस्पिटलमध्ये कोणाला भेटून आल्यासारखं वाटतं.

स्वानंदीला फोटो दाखवला. म्हणाली, डॅड, इट्स लाइक यू हॅव अ गर्लफ्रेंड, बट सॅडर. आईला सांगू नकोस म्हटलं. आय वोन्ट, बट शी विल नो, म्हणाली.

शनिवार, ३ मे

शी नोज.

मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, सुमेधाने सुवर्णाला विचारलं, मग काय, ठेवलं का कुठे? सुवर्णा म्हणाली, काय? बाकी मी छोल्यांच्या रांगेतून पाहिलं.

गाडीत एक शब्द नाही. घरी एक शब्द नाही. मी याला शांततापूर्ण वाटाघाटी समजतो.

सोमवार, ५ मे. रात्री

सुवर्णा बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

म्हणाली, मोरेश्वर, आमच्याकडे इमर्जन्सीत गोळी लागलेली जी मुलं येतात ना, त्यांच्या घरातही ते कपाटात वरच ठेवलेलं असतं. प्रत्येक आई मला हेच सांगते. वर ठेवलं होतं, वर ठेवलं होतं. मग मी त्यांना पाणी देते. आणि तू मला न सांगता जाऊन घेऊन आलास.

मी म्हटलं, आणलेलं नाही, दुकानात आहे.



यावर मी महिन्यापासून एक उत्तर तयार ठेवलं होतं. मुद्देसूद, सहा पॉइंट्सचं. ऐन वेळी ते शोधायला लॅपटॉप उघडेपर्यंत ती आत गेली.

झोपताना तिने विचारलं, तुला ते एवढं येतं तरी का? शनिवारी मी येते. बघू दे.

उत्तम. ही संधी आहे. प्रत्यक्ष कौशल्य पाहिलं की माणूस बदलतो.

शुक्रवार, ९ मे

कुकरवर शेवटचा सराव. पाच शिट्ट्यांपैकी एकीला डोळे उघडे. पंच स्वानंदी. तिने मला टाळी दिली. आत्मविश्वास भरपूर. उद्या कमीत कमी दहा गोळ्या काळ्या वर्तुळात. संकल्प नव्हे, अंदाज.

शनिवार, १० मे. दुपारी २

सविस्तर लिहितो, कारण आठवणीत राहू नये अशी इच्छा आहे.

सुवर्णा काचेमागे बसली. माझं स्वतःचं पिस्तूल डार्लीनबाईंनी पहिल्यांदा खोक्याबाहेर काढून हातात दिलं. कागद लावला, सात यार्डांवर. म्हणजे आमच्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

वीस गोळ्या झाडल्या. एकोणीस झाल्यावरही कागद जसाच्या तसा. विसावी लागली. कागद ज्या चिमट्याला अडकवला होता त्या चिमट्याला. कागद तरंगत खाली आला.

डार्लीनबाईंनी तो उचलला, उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत गठ्ठ्यावर ठेवला.

सुवर्णा बाहेर आली. मला वाटलं, आता तिची भीती गेली असेल, कारण मी कोणाला काही करू शकत नाही हे सिद्ध झालं. तसं तिला सांगितलंही. म्हणाली, तू ज्याच्यावर नेम धरशील त्याला काही होणार नाही, एवढं कळलं. बाकीच्यांचं काय?

डार्लीनबाई हसता हसता काउंटरवर वाकल्या. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गाडीत सुवर्णाने विचारलं, घाबरतोस ना त्याला?

मी म्हटलं, छे.

म्हणाली, खांदे कानांपर्यंत जात होते तुझे. प्रत्येक गोळीच्या आधी. मला काचेतून दिसत होतं. मग कशाला जातोस?

सिग्नल लाल होता, त्यामुळे उत्तर देणं भाग पडलं. म्हटलं, गॅरीने बोलावलं म्हणून.

सिग्नल हिरवा झाला तरी मी थोडा वेळ थांबलो. मागच्याने हॉर्न दिला. मी दचकलो. दोन्ही डोळे मिटले होते, असं तिने सांगितलं.

रविवार, ११ मे

सुवर्णाने गॅरीला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. मला न विचारता. गॅरीने तीन वेळा वरण घेतलं. म्हणाला, रेंज नको तर नको, गुरुवारी मासे पकडायला चल. मी लगेच हो म्हटलं. मासे मारण्याच्या काठ्यांची माहिती काढायला हवी.

शनिवार, १७ मे. सकाळी ११

पिस्तूल रद्द. निर्णय सर्वस्वी माझा. डार्लीनबाईंनी खोक्यावरचं माझं नाव खोडलं. खोडतानाही त्यांना ते नीट वाचता आलं नाही.

डिपॉझिट परत मिळत नाही, त्या रकमेत दुकानातली एखादी वस्तू घ्यायची. नेमबाज कानांवर लावतात ते मोठे मफ घेतले. एकदम प्रोफेशनल, बाहेरचा आवाज पूर्ण बंद. घरी येऊन लावून पाहिले. सुवर्णा मिक्सरवर चटणी करत होती, काही म्हणून ऐकू आलं नाही. मग मिक्सर बंद करून ती माझ्याकडे वळली आणि बराच वेळ, हातवारे करून, मनापासून काहीतरी बोलली.

कौतुकच असावं.