अकरा अधिक चार

१४ ऑगस्ट
आले एकदाचे! आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या बेनिनहून थेट कॅनडातल्या आमच्या सेंत-ओरोरला — तीन विमानं, वर सात तासांची बस. फिर्मँ, त्याची बायको क्लारिस आणि चार पोरं. चार! फ्रेंच शाळेच्या पटावर अकरा आहेत. दहा सप्टेंबरपर्यंत पंधरा झाले नाहीत तर कुलूप. एकतीस वर्षं शिकवलंय मी तिथे. स्वागत समितीत म्हणायला आम्ही सातजण. म्हणजे राबायला मी, फोटोला सहा.

१७ ऑगस्ट
क्लारिसला शाळा दाखवली. धाकटीने टेबलावरची घंटा वाजवली नि मला भरून आलं. क्लारिस म्हणाली, टोरांटोला भाऊ बोलावत होता, पण तुमच्या पत्रात होतं ना, इथे सगळं फ्रेंचमध्ये चालतं, म्हणून इकडे आलो. पत्र माझंच.

२३ ऑगस्ट
चर्चच्या हॉलमध्ये स्वागताचं जेवण. वाटाण्याचं सूप मी केलं, साखरेचं सारण भरलेला 'पाय' मी भाजला. आणि माती केली गावाने!
आमची जुनी खोड. पंगतीत एक इंग्रजी बोलणारा असला की बाकीचे आपली जीभ गुंडाळून ठेवतात, त्याला परकं वाटू नये म्हणून. आज तो एक म्हणजे आमचा जावई ग्रेग. नऊ वर्षं झाली लग्नाला, अजून 'बोंजूर'च्या पुढे गाडी नाही. बघता बघता सगळा हॉल इंग्रजीत. समितीतल्या म्हाताऱ्या गेदेओंने स्वागताचं भाषणसुद्धा इंग्रजीत ठोकलं! फिर्मँला ओ की ठो कळत नव्हतं, नुसता हसत होता बिचारा. पोरं टकामका बघत होती. लाज वाटली मला या लोकांची.
सोलांजला, माझ्या लेकीला, घरी येऊन हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, सोड ना." सोडू काय? तिची दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत. त्यावर मी आता बोलत नाही.

३० ऑगस्ट
फिर्मँ लाकडाच्या गिरणीत लागला. तिथेही सगळं इंग्रजीच. क्लारिसला दोनदा फोन केला, पोरांची नावं शाळेत घालायची राहिलीत म्हणून. बघते म्हणाली.

८ सप्टेंबर
शाळा सुरू. अकरा.

९ सप्टेंबर
चारही पोरं इंग्रजी शाळेत घातली! तशीच तणतणत गेले तिच्याकडे. तिने शांतपणे कॉफी दिली. म्हणाली, "बाई, त्या एकासाठी सगळे बदलले. आम्ही सहा होतो. या गावात मान कशाला आहे ते पोरांनी बघितलं. थोरला म्हणाला, मला ती भाषा शिकव."
मी म्हटलं, हे सगळं त्या गेदेओंमुळे. ती कप विसळायला उठली. घरी येऊन रडले, रागाने.

१५ सप्टेंबर
शाळेला कुलूप लागणार, पत्र आलं. टपालकचेरीत क्लारिस भेटली, तिला तेच ऐकवलं — गेदेओं, गेदेओं. तिने माझा हात धरला. "सुरुवात तुम्ही केलीत, बाई."
खरंय. सूप वाढताना मी तिला विचारलं होतं, आणखी हवं का. इंग्रजीत. ग्रेग शेजारी बसला होता.