थोरली बालवाडीत, धाकटी घरी

३ जून
पीएचडीचं सातवं वर्ष. विषय: बालवाडीचा पुढच्या शिक्षणावर परिणाम. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून जीव मेटाकुटीला आला; बालवाडीतलं कुणाला काही आठवतच नाही. आज उत्तर घरातच सापडलं. काखेत कळसा. आमच्या जुळ्या मुली, वय साडेतीन. थोरलीला (चार मिनिटांनी मोठी) बालवाडीत घालायचं, धाकटीला घरी ठेवायचं. रक्त एक, घर एक, फरक फक्त बालवाडीचा. वर्षभरात प्रबंध हातावेगळा.
बायको म्हणाली, अहो, पोरी आहेत त्या. म्हटलं, म्हणूनच सॅम्पल खात्रीचं.

१६ जून, सकाळी ८.४०
थोरली गेली. धाकटी दप्तर लावून दारात उभी. काढून घेतलं. रडणं: ३५ मिनिटं. नोंद केली.

७ जुलै
धाकटीने आईला विचारलं, मी नापास झाले का. घरबसल्या हा शब्द शिकली कुठून? शब्दसंग्रह अपेक्षेपेक्षा जास्त. निष्कर्षाला धोका. उद्यापासून तिच्याशी कमी बोलायचं.

२१ जुलै
चोर सापडला. थोरली घरी आली की पलंगाखाली धाकटीची शाळा घेते. गाणी, आकडे, सगळं. पाच आठवड्यांचा डेटा पाण्यात. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. बायकोने अबोला धरलाय. शांतता अभ्यासाला पोषकच.

११ ऑगस्ट
चाचणी. थोरली: वीसपर्यंत आकडे. धाकटी: शून्य. तीनदा विचारलं, खाली मान घालून फ्रॉकचं टोक चावत बसली. सिद्ध झालं.

१४ ऑगस्ट
गाइडबाईंना तक्ता दाखवला. त्यांनी विचारलं, मुली कोणाच्या. अभिमानाने सांगितलं, माझ्याच. बाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, धाकटीला आधी बालवाडीत घाला आणि हे मला पुन्हा दाखवू नका. बाईंना नवं काही झेपत नाही. गाइड बदलायचा.

१८ ऑगस्ट
बायको दोघींना घेऊन माहेरी गेली. मेव्हण्याने कळवलं, तिथल्या बालवाडीत दोघींची नावं घातली. आठवड्यात येतील परत. तोवर चौथं प्रकरण उरकतो.

२२ सप्टेंबर, संध्याकाळी
चौथं प्रकरण व्हायचंय. फोन केला. बायकोने धाकटीकडे दिला. म्हटलं, आकडे म्हणून दाखव. ती म्हणाली, थांबा हं, ताई बोलावतेय. मला अहोजाहो कधीपासून करायला लागली, विचारायचं होतं. पण फोन चालूच टाकून पळाली. लांबून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. अठरा मिनिटं थांबलो. मग कुणीतरी फोन बंद केला.