चार वाजून बारा मिनिटांनी आत शिरलेली पिल्लावळ

दिनांक १७ ऑक्टोबर २००४, रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी, गुनसान येथील मच्छीबाजारावरच्या सभागृहात, माझे पती जू छांग-सिक जिंकत असलेला सामना त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. हे आधी लिहिते. घर, भांडी आणि पैसे यांना नंतर जागा मिळेल.

मी, मिन ओक-ही, बाप्तिस्म्याचे नाव आग्नेस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार बंदर रस्त्यामागची गल्ली, घर क्रमांक १७, गुनसान, आज मंगळवार, ११ मार्च २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती ७ एप्रिलला, सोमवारी, बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजी, शंभरातले सत्त्याण्णव चालत घरी जातात." मी विचारले, "आणि तिघं?" तेव्हा ते कागद चाळू लागले. म्हणून हा खटाटोप. मी हे कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणून पाहिलेली काही माणसे अजून हयात आहेत, शंका असल्यास त्यांना विचारावे.

१. वरील दुमजली घर, खालच्या गाळ्यासह, माझा धाकटा भाऊ मिन गी-थेक याला द्यावे. विनाअट. हा शब्द मी मुद्दाम वेगळा लिहिला आहे. पुढचे वाचून कोणाला वाटेल की मी घराचे आमिष दाखवून काहीतरी वदवून घेते आहे. तसे नाही. विकत घेतलेला शब्द मला नको. घर आईवडिलांचे होते आणि आता त्याचे आहे, एवढेच.

२. गाळ्यातली उरलेली नऊ संगणक-यंत्रे आणि अकरा खुर्च्या खालच्या मजल्यावर शेजारी शिलाईचे दुकान चालवणाऱ्या श्रीमती मेंग मल-सुन यांनी हव्या त्या घ्याव्यात, बाकी भंगारात द्याव्यात. खुर्च्यांवर सिगारेटचे डाग आहेत. मी पाटी लावली होती, तरीही आहेत.

या गाळ्यात एकवीस वर्षे 'दीपस्तंभ' नावाची पीसी बांग होती. तासाच्या भाड्याने खेळायची संगणकखोली. त्याआधी मी ननांच्या शाळेत, जिथे शिकले तिथेच, शुद्धलेखन शिकवीत असे. १९९८ साली गोदीने माणसे कमी केली. माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची तीन बोटे तिथल्याच साखळीने आधी नेली होती. उरलेल्या माणसाला त्यांनी एका पत्राने घरी पाठवले. मी शाळा सोडली, बारा यंत्रे घेतली. सिस्टर सुपीरियर म्हणाल्या, "आग्नेस, तू मुलांना बिघडवायला निघालीस." मी म्हणाले, "सिस्टर, बिघडलेली मुलं निदान माझ्या डोळ्यांसमोर बसतील." हे बोलणे मी आजही मागे घेत नाही.

३. माझ्या नवऱ्याचा कीबोर्ड. हा कोणाला देऊ नये. तो माझ्यासोबत पेटीत ठेवावा. स्मशानातला माणूस प्लास्टिकबद्दल कुरकुर करील. त्याला श्रीमती मेंग यांच्याशी बोलायला लावावे.

त्या कीबोर्डवरच्या दोनच कळा गुळगुळीत झाल्या आहेत. ज्या खेळावर आमचे दुकान चालले, त्यात परग्रहावरच्या जमाती एकमेकींशी लढतात; जिचा तळ आधी पडेल ती हरते. एक जमात प्राण्यांची आहे. तिच्यातला सगळ्यात स्वस्त प्राणी कुत्र्याएवढा, चार पायांचा, पुढे कोयत्यासारख्या दोन नांग्या. एका अंड्यातून दोन निघतात. वेगाने पळतो आणि त्याहून वेगाने मरतो. दुकानात सगळे त्यांना पिल्लावळ म्हणत. मोठी यंत्रे आणि तोफा चालवायला डाव्या हाताची पाचही बोटे नाचवावी लागतात. माझ्या नवऱ्याकडे अंगठा आणि एक बोट होते. त्यांनी पिल्लावळ निवडली आणि मरेपर्यंत दुसरे काही खेळले नाहीत.

एकदा मी म्हणाले, "अहो, कधीतरी एखादा मोठा प्राणी पण करा की. ही सारखी मरतात."

ते म्हणाले, "अगं, ही आमच्या गोदीतली माणसं आहेत. स्वस्त, भरपूर, कोणाला नाव नाही. पण चाळीस जण एकदम आत शिरले की साहेबाला जेवण सोडून उठावं लागतं."

४. आता त्या दिवसाचे. याला मृत्युपत्रात जागा नाही असे कोणी वकील म्हणेल. मी वकिलाला बोलावलेले नाही.

चाळिशीपुढच्या हौशी खेळाडूंची स्पर्धा होती, अंतिम सामना होता. समोर दाताचे डॉक्टर प्यो संग-वॉन. पंच माझा भाऊ गी-थेक, तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा, पोस्टात नोकरीला. पंच होता कारण अख्ख्या गल्लीत नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच. शिकवले मी होते.

डॉक्टरांनी बारा रणगाडे जमवले आणि सगळे एकदम माझ्या नवऱ्याच्या तळावर घातले. यांनी तळ वाचवलाच नाही. लोक ओरडत होते, "अहो, घर पडतंय तुमचं!" हे मान खाली घालून बसलेले. चाळीस पिल्ले त्यांनी कडेकडेने, अंधाऱ्या भागातून, आधीच पाठवली होती. बरोबर चार वाजून बारा मिनिटांनी ती डॉक्टरांच्या मोकळ्या तळात शिरली. राखायला एकही रणगाडा मागे नव्हता. सभागृहातली माणसे उभी राहिली. आणि वीज गेली.

वीज आली तेव्हा पडदे कोरे होते. नियम असा की, सामना असा तुटला तर पंचाने तो पुन्हा खेळवावा, किंवा कोणाची बाजू वरचढ होती ते ठरवून निकाल द्यावा. दोन्ही त्याच्या हातात होते.

गी-थेक म्हणाला, "सैन्यबळ पाहून निकाल देतो. डॉक्टर प्यो विजयी."

मागून कोणीतरी ओरडले, "अरे, पिल्लं आत होती! डोळे आहेत का बटणं?"

"चाळीस पिल्लं मिळून किमतीत त्या रणगाड्यांच्या निम्म्यानंही भरत नाहीत," माझा भाऊ म्हणाला.

मी पुढे गेले. "गी-थेक, किंमत नको सांगूस. पडद्यावर काय होतं ते सांग."

तो हळूच म्हणाला, "ताई, खाली बस. लोक आधीच बघतायत."

लोक काय बघत होते हे मला कळले. पंच मेहुण्याच्या बाजूने निकाल देतो का, हे बघत होते. जू छांग-सिक परका असता तर तो त्या दिवशी जिंकला असता.

माझे पती उठले, डॉक्टरांपुढे वाकले आणि हरणाऱ्याने म्हणायचे ते म्हणाले, "छान खेळलात." मग भावाकडे वळून, "गी-थेक, जेवायला येतोस ना? ताईनं मासे आणलेत."

"नको दाजी, कागद भरायचेत."

घरी जाताना मी रस्ताभर बोलत होते. ते म्हणाले, "त्याच्या मागे लागू नकोस. त्याला उद्या त्याच माणसांत बसायचंय."

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"मी? माझ्या खुर्चीत."

२००६च्या फेब्रुवारीत ते फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तीन दिवस चालणाऱ्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, चर्चची मंडळी मृतांसाठीची प्रार्थना गात असताना, गी-थेक माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला.

"ताई, त्या दिवशी पिल्लं आत होती. मी बघितली होती."

मी म्हणाले, "इथे बोलू नकोस. लिहून दे."

"अगं, दाजींच्या फोटोपुढं सांगतोय ना!"

"त्यांनाही वाचता येत होतं," मी म्हणाले.

ननांच्या शाळेत तोंडी क्षमा चालत नसे. कागदावर, तारखेसह, सुवाच्य अक्षरात लिहून द्यावी लागे, आणि मी पंचवीस वर्षे तशीच मागून घेतली. त्या दिवशी माझा भाऊ रडत होता आणि मी त्याला शुद्धलेखनाची वही दाखवली. त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही. बत्तीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे पोचवणाऱ्या माणसाने मला एक पत्र पाठवले नाही. दर सणाला नाशपातीची पेटी मात्र पाठवतो. मी ती खाते.

५. आता जे लिहिते ते कोणालाही ठाऊक नाही.

वीज आपोआप गेली नाही. सभागृहात मागच्या भिंतीला विजेची एक जोडणी होती, तिच्यावर कागद चिकटवलेला: 'येथे काहीही लावू नये.' तो मी वाचला होता. चार वाजून अकरा मिनिटांनी मी पिल्ले कडेने पळताना पाहिली आणि समजले, आता हे जिंकले. सकाळपासून ते उपाशी होते. सामना संपताच त्यांच्या हातात गरम नूडल्स असाव्यात म्हणून मी पाण्याचा मोठा बंब तिथेच लावला.

पापनिवेदनात हे सांगितले तेव्हा फादर म्हणाले, "बाई, हे पाप नाही, हे वायरिंग आहे." मला त्याने बरे वाटले नाही. नवऱ्याला मी सांगितले नाही. ते हसले असते, आणि मग माझ्याकडे रागवायला काही उरले नसते. वीस वर्षे मी भावाला बोल लावला, त्यातला अर्धा माझा होता. निकाल त्याने चुकीचा दिला, तो त्याचाच. पण निकाल द्यायची वेळ मी त्याच्यावर आणली.

६. बँकेतली शिल्लक ननांच्या वृद्धाश्रमाला द्यावी. अट: तिच्यातून आणखी एक पुतळा घेऊ नये, स्नानघरात धरायचे दांडे बसवावेत.

आंबवणाच्या मातीच्या बरण्या श्रीमती मेंग यांना. मोठ्या बरणीला तडा आहे. तो त्यांच्याच नातवाने पाडला, त्यामुळे तक्रार करू नये.

७. माझ्या अंत्यविधीला फुलांची उंच चक्रे नकोत. जेवण तिखट असावे. माझ्याबद्दल "मनानं मऊ होती" असे कोणी म्हणू लागल्यास त्याला आणखी वाढावे.

८. येत्या मे महिन्यात बंदरावरच्या जुन्या गोदामात शहरातल्या हौशी सामन्यांचे प्रदर्शन भरते आहे. समितीचा प्रमुख माझा भाऊ आहे. भिंतीवरच्या फलकांचा मसुदा मला गेल्या आठवड्यात आला. त्यात असे आहे: 'जू छांग-सिक, उपविजेते. अपुऱ्या सैन्यबळामुळे पराभूत.' फलक ५ एप्रिलला छपाईला जाणार आहेत.

मला विजेतेपद नको. करंडक डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे, तिथेच राहू द्या. चार वर्षांपूर्वी माझी दाढ काढताना तेच म्हणाले होते, "ओक-हीबाई, त्या दिवशी आणखी दोन मिनिटं वीज राहिली असती ना, तर मी मेलो होतो." माझ्या तोंडात त्यांचे हत्यार होते, म्हणून मला काही बोलता आले नाही. पण डॉक्टरांचे म्हणणे हे जिंकणाऱ्याचे औदार्य ठरेल. पंचाने पाहिले ते पंचानेच सांगायला हवे. 'अपुरे' हा शब्द त्या भिंतीवर जाऊ नये. ती चाळीस होती, आत होती, आणि ती तिथवर नेणाऱ्या माणसाला दोन बोटे होती.

या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. माझे अक्षर आणि माझा शिक्का पुरतो. मला मात्र साक्षीदार हवे होते, म्हणून दोघांना बोलावून सगळे मोठ्याने वाचून दाखवले. कलम पाचनंतर श्रीमती मेंग म्हणाल्या, "अगं बाई, त्या बंबातल्या नूडल्स मीपण खाल्ल्या की!" डॉक्टर प्यो यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

साक्षीदार:
मेंग मल-सुन, शिलाई दुकान, बंदर रस्त्यामागची गल्ली (सही)
प्यो संग-वॉन, दंतवैद्य (सही)

लिहिणार: मिन ओक-ही (सही व शिक्का)
स्थळ: गुनसान. दिनांक: ११ मार्च २०२५.

गी-थेक, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, पण याची प्रत मी आजच रजिस्टर टपालाने तुला पाठवते आहे. माझे मी लिहिले आहे, नावासह, तारखेसह. आता तुझे तू लिही. क्षमा मागू नकोस, ती तू एकदा मागितलीस आणि मी घेतली नाही. त्याबद्दल मीच तुझी मागते. चार वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर तुला काय दिसले, तेवढेच लिही. अक्षर कसेही चालेल. उत्तर शुक्रवार, ४ एप्रिल २०२५, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी, माझ्या हातात पडले पाहिजे. रविवारी मला रुग्णालयात दाखल करून घेतील, आणि ते मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे आहे.