चार तास दहा मिनिटं

ती. दादास, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

रविवारी सकाळी देवापुढे उदबत्ती लावली आणि पोथीऐवजी फोनच उघडला. इथल्या विमानतळापासून आपल्याकडच्या विमानतळापर्यंत अठ्ठावीसशे किलोमीटर, चार तास दहा मिनिटं. महिनाभर रोज तेच बघतोय. खोलीतला ड्रायव्हर म्हणाला, "सुतार, अंतर काय रात्रीतून कमी होतं का रे?"

मी ठणठणीत आहे. कारखान्यात कपाटांची दारं बसवतोय. परवा दोन उलटी बसवली, तेवढंच.

आई जेवते का? खोकला थांबला का? तू नुसतं "बरी आहे" म्हणतोस. पण वहिनींच्या तोंडून निसटलं. आई म्हणते, "त्याला आत्ताच घाबरवू नका. अगदीच वाटलं तर बोलवा, चार तासांत येईल तो."

दादा, चार तास मीच सांगितले होते, निघताना तिने रडू नये म्हणून. विमानतळापर्यंतचा रस्ता, तिथे आधी जाऊन बसणं, उतरल्यावर रात्रभराची बस आणि फाट्यापासूनची चाल मी धरलीच नव्हती. सगळे मिळून बावीस तास होतात. ती मात्र त्या चार तासांच्या भरवशावर निवांत पडून आहे.

फोनवर बोललो तर आईला ऐकू जाईल, म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय. आज मुकादमाला सांगितलं आणि तिकीट काढलं. देवाच्या कृपेने बुधवारी दुपारी बाराला दारात असेन. आईला आधी काही बोलू नकोस. बुधवारी सकाळी आठ वाजता सांग, "त्याला बोलावलंय."

तुझा धाकटा