कापूर पाहिला

९ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

दीड वर्षाने वहिनीचं पत्र आलं म्हणून पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं असशील. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. आणि हे मधे न थांबता सांगायचं आहे.

घरी सगळे मजेत. आईंचा गुडघा आता जिना चढतो, उतरताना मात्र कुरकुरतो. तुझ्या दादाला चाळिशी लागली. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत फिरतो. तुझ्या पलंगावर मांजरीने कब्जा केलाय. उठवायला गेलं तर माझ्याकडे अगदी तुझ्यासारखी बघते. अत्तराच्या कारखान्यात नाक नीट चालतंय ना? सर्दी झाली तर रजा देतात का गं?

प्रयोगशाळेची बातमी म्हणजे आपलं लेझरचं टेबल वरच्या मजल्यावर हलवलं. तू गेल्यापासून ते काळ्या पडद्यामागे बंदच होतं. गेल्या सोमवारी मी पडदा काढला, झाकण उघडलं आणि एकेक काच उतरवायला बसले.

इथे मी उठले आणि चहा करून आले. आता लिहिते.

प्रकाशाला पीळ देणाऱ्या काचेच्या कड्यावर तू नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला होतास. ठिपका लेझरकडे हवा. तो भिंतीकडे होता.

काहीही न हलवता लेझर लावला आणि कापूर पाहिला. आपला तो उजव्या जातीचा, जन्माची ओळख असलेला कापूर, डावा दिसला! मग काच सुलटी केली आणि कपाटात राहिलेली तुझ्या औषधाची बाटली लावून पाहिली. डावी. तू बैठकीत घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतीस, अगदी तशीच.

संध्याकाळी आईंना सगळं सांगितलं. त्यांना कळावं म्हणून हातमोज्यांची जोडी पुढे ठेवली. म्हटलं, काही रेणू असे असतात, दिसायला सारखे, पण डावा उजव्या हातात जात नाही. मिरचीच्या औषधातला डावा गुण देणारा, उजवा अपाय करणारा. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून आम्ही प्रकाशाला कधी डावा, कधी उजवा पीळ देतो आणि कुठला पीळ तो रेणू जास्त पितो ते बघतो. काच उलटी बसली की पीळच उलटा होतो, मग डाव्याला आम्ही उजवा म्हणतो. आमचा कापूर उजवा हे आधीच ठाऊक असतं, म्हणून काच नीट बसली का ते त्याच्यावर पाहून घेतो.

आईंनी मोजा घालून बघितला, काढला, आणि विचारलं, "अगं, पण एवढी मोठी चूक तेव्हाच कळली कशी नाही?"

मिरचे, हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

काच पुसली की आधी कापूर पाहायचा, मगच नवी बाटली लावायची, हा नियम तूच घातलास. तुझी बाटली लावायची होती त्या दिवशी मी काच पुसली, बसवली आणि कापूर पाहिलाच नाही. घाई नव्हती. पंधरा वर्षं काचा बसवतेय, माझा हात चुकेल कसा, ही गुर्मी. वहीत मात्र "कापूर पाहिला" लिहून बरोबरची खूण केली. मग बैठकीत सगळ्यांसमोर तू विचारलंस, "वहिनी, कापूर पाहिला होता ना?" मी म्हणाले, "पाहिला होता."

तू तुझे कागद गोळा केलेस आणि खाली बसलीस. तुझं औषध उजवं ठरलं, सगळी मेहनत कचऱ्यात गेली आणि तू गाव सोडलंस. काच उलटी आहे हे मला ठाऊक नव्हतं, शप्पथ. पण कापूर पाहिला नव्हता, हे मात्र रोज ठाऊक होतं.

मंगळवारी वही घेऊन बाईंच्या खोलीत गेले. विभागप्रमुख झाल्या तरी बाई ओरडत नाहीत, हाच त्यांचा त्रास. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "तिला कोण कळवणार?" मी म्हटलं, "मी." दुरुस्तीचा अहवाल तुझ्या नावानिशी वर गेलाय. काचांचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते योग्यच झालं. सध्या मी दुसऱ्यांनी पाहिलेल्याच्या नोंदी लिहिते, पडदे शिवते, आणि खरं सांगू? दीड वर्षात इतकी शांत झोप लागली नव्हती.

तुझा दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझा चष्मा कुठंय?" कपाळावरच होता. तिथून गाडी रुळावर आली. आई मात्र म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पोरगी जाताना भांडली नाही. स्वतःची चूक असली की ती नेहमी घर डोक्यावर घेते."

बाई तुला जागा परत द्यायला तयार आहेत. अत्तर सोडवत नसेल तर नको सोडूस, तिथे सुखी असशील तर मला आनंदच आहे. माफी मागणार नव्हते, कारण मागितली की तुला द्यावी लागते. पण माफ कर गं. बघ, मागितलीच.

वरचं टेबल मांडून झालंय. ती काच अजून डबीत आहे, तुझा लाल ठिपका तसाच आहे. बाईंना सांगून ठेवलंय, महिनाभर तरी तिला कुणी हात लावायचा नाही. तू ये आणि बसव. मी शेजारी वही घेऊन उभी राहीन आणि तू कापूर पाहिल्याशिवाय पेनाचं टोपण काढणार नाही.

न पाहता "पाहिला" म्हणालेली,
तुझी वहिनी