पाटाकडेची दोन एकरं आणि माझी गाडी

आबा, मी गाडी घेतली. विजेवर चालणारी, चांगली महागातली. तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली, तेव्हा अशा गाड्या आपल्याकडे नव्हत्या, म्हणून आधी ती कशी असते ते सांगते. हिला इंजिन नसतं. डिझेल नाही, धूर नाही, गिअर नाहीत. तळाला बॅटरी पसरलेली असते आणि चाकं फिरवायला मोटर. शोरूममधला माणूस हे समजावून सांगत होता आणि मी मनाने केडगावात होते, स्टेशनच्या रस्त्यावरच्या आपल्या पत्र्याच्या दुकानात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथे यायच्या आणि तुम्ही त्यांतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचात. आजवरची कुठलीच गाडी मला आपल्या घरातली वाटली नव्हती. ही वाटली. हौस होतीच, ती नाकारत नाही. पण मोटर म्हटल्यावर ती हौस मला जरा पवित्रच वाटायला लागली.

गाडी आणली ती शिरूरला घरी न नेता आधी केडगावला नेली. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाली, "आवाजच न्हाई गं हिला. दारात आली तरी कुत्रं उठंना." शेजारपाजारचे आत बसून फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात दात दाखवायला येणारा प्रत्येक जण आधी गाडीचं विचारायचा आणि मग दाढेचं. मला ते आवडत होतं.

मग एकेक सुरू झालं. हिच्या दाराच्या मुठी आत लपलेल्या असतात, किल्ली जवळ आली की आपोआप बाहेर यायला हव्यात. एके सकाळी त्या आल्याच नाहीत. बाजारपेठेत मी स्वतःच्याच गाडीचं दार तळहाताने चोळत उभी, आणि भाजीवाली विचारते, "डॉक्टरीणबाई, दार रुसलं का?" कागदावर लिहिलं होतं की एकदा चार्ज केली की पुण्याला दोनदा जाऊन येईल. एकदा जाऊन येतानाच माझं लक्ष रस्त्यापेक्षा उरलेल्या चार्जच्या आकड्याकडे जास्त असायचं. हेही मी चालवून घेतलं असतं. पण गाडी बंद पडायला लागली. पहिल्यांदा पडली ती पारगावच्या पुलावर, खाली भीमा, मागे उसाच्या ट्रॉल्या. स्टिअरिंगशेजारचा भलामोठा पडदा काळा झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या ट्रॅक्टरवरचा माणूस उतरून आला. "ताई, धक्का मारू का?" म्हटलं, हिला धक्का चालत नाही. त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि शांतपणे विचारलं, "मंग हिला चालतं तरी काय?" शेवटी मोठा टेम्पो आला आणि गाडी त्याच्या पाठीवर बसून पुण्याला गेली.

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा गाडी धुऊनपुसून परत मिळाली. तिसऱ्या वेळी मी कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाला विचारलं, नक्की काय झालं होतं. तो हातातल्या टॅबकडे बघत म्हणाला, "मॅडम, सिस्टीमला एरर होता. युनिट बदललंय. वॉरंटीत आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." एरर का आला? "ते कंपनीला कळतं." जुनं युनिट बघायला मिळेल का? तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसला. "ते सील असतं मॅडम. आम्हीपण उघडत नाही." बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आबा, मला राग आला तो गाडी बिघडल्याचा नाही. तुमच्याकडून मोटर परत नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुम्ही आधी जळकी तार ठेवायचात. "ह्ये बघा, एक फेज गेला आन् मोटर तशीच चालू ऱ्हायली, म्हून हितं काळं झालंय." माणूस ती तार हातात फिरवून बघायचा, वास घ्यायचा, मान हलवायचा. का जळाली हे सांगितल्याशिवाय तुम्ही मोटर कधीच दिली नाहीत. जगात सगळीकडे असंच असतं असं मी धरून चालले होते.

आता तुमच्या वरवंडच्या मामांकडे येते. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, नात्याने कुणी नसले तरी आपल्या घरी त्यांना सगळे मामाच म्हणतात. आता सत्तरी ओलांडलीय त्यांनी. दात सगळे गेले, तेव्हा दौंडला, पुण्याला कुठे न जाता एसटी बदलत कवळी करायला माझ्याकडे शिरूरला आले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "आमच्या धाकट्याचं लगीन जमलंय. त्याला तुझ्यावानी गाडी पायजे. पाटाकडेची दोन एकरं इकायला काढावी म्हनतो. कशी हाय गाडी?" गाडी पारगावला बंद पडून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पण बाहेर बाकावर चारपाच जण ऐकत बसलेले होते, त्यातल्या दोघांनी माझ्या गाडीचे पेढे खाल्लेले होते. मी हातमोजे घालत म्हणाले, "छान आहे मामा. काही तक्रार नाही." ते खुश झाले. "मंग झालं. मोटरवाल्याची लेक छान म्हनती, म्हंजी छानच." त्यानंतर मी माप घ्यायला त्यांच्या तोंडात मसाला भरलेला साचा बसवला. तो घट्ट होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं, नुसते माझ्याकडे बघत होते. तेवढा वेळ माझ्या हातात होता. मी खिडकीची जाळी बघत राहिले.

पंधरा दिवसांनी कवळी तोंडात बसते का ते बघायला परत आले, तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. "सोमवारी इसार घेतो." मी "हो का" म्हणाले.

त्या दिवशी घरी जाताना मला सातवीतली मी आठवले. दुकानात मी मोजायला बसलेय. तुम्ही लाकडी साच्यावर तार गुंडाळताय, हाताने मूठ फिरवताय, आणि मी वेढे मोजतेय. मोजताना कुणी बोलायचं नाही असा नियम, दारात गिऱ्हाईक आलं तरी तुम्ही नुसता डावा हात वर करता आणि ते गुमान उभं राहतं. मालगाडी येते. मी डबे मोजायला लागते. गाडी संपते तेव्हा वेढा कितवा हे मला माहीत नसतं, आणि मी ठामपणे म्हणते, "सत्तर." तुम्ही मान हलवून पुढे मूठ फिरवता. ती मोटर याच मामांची होती. आठ दिवसांत जळून परत आली. तुम्ही ती उघडलीत, एकेक वेढा नखाने बाजूला करत मोजलात, एका ठिकाणी दहा कमी निघाले. मामा तिथेच पोत्यावर बसले होते. तुम्ही म्हणालात, "मोजन्यात आमची चूक झाली. तुमची लाईट बी चांगली आन् तुम्ही बी." नुसतं 'आमची' म्हणालात. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी रॉकेलने हात धुताना मला जवळ बोलावलंत. मारणार असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "चुकलं हे तुला तवाच कळलं हुतं ना?" मी मान हलवली. "मंग तवाच बोलली असतीस तर माझी धा मिनटं गेली असती. आता त्याची पान्याची पाळी गेली. चुकन्याचं काय न्हाई. कळून गप बसली, त्याचं हाय." आवाज चढवला नव्हता. मी जेवले नाही, आईने ताट झाकून ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी दुकानाबाहेरच घुटमळत होते तेव्हा तुम्ही आतून हाक मारलीत, "ये, मोजाया बस." आबा, मी पुढे शिकले, डॉक्टर झाले, माणसांच्या तोंडात बारीक हत्यारं घालायला मला कधी भीती वाटली नाही, ते त्या हाकेमुळे. पहिल्या दिवशी ओरडणारे बाप पुष्कळ असतील. दुसऱ्या दिवशी परत मोजायला बसवणारे तुम्ही होतात. हे तुम्हांला मी कधी म्हणाले नाही. शिरूरला माझ्या दवाखान्याच्या जुन्या कॉम्प्रेसरची मोटर तुम्ही येऊन भरून दिलीत, तेव्हा म्हणता आलं असतं. मी फक्त चहा ठेवला.

रविवारी तयार कवळी घेऊन मी वरवंडला निघाले, त्याच गाडीने. वैशाखाचं ऊन, आणि बॅटरी पुरावी म्हणून एसी बंद. घामाने भिजून मामांच्या अंगणात उतरले. मामांनी कवळी बसवली, मामींनी आणलेली भाकरी नव्या दातांनी चावून पाहिली, समाधानाने मान डोलावली. तेव्हा मी म्हणाले, "मामा, गाडीचं मी तुम्हांला खोटं सांगितलं."

ते चावायचे थांबले. "कवा?"

"माप घेतलं तेव्हा. आधीच एकदा बंद पडली होती. आता तीनदा झालंय."

"कशानं पडती?"

"ते सांगत नाहीत."

"तुला बी न्हाई?"

"मलाही नाही. उघडून बघू देत नाहीत. उघडली तर वॉरंटी जाते."

मामा अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे वळले. "म्हंजी पैसं आपलं, मोटर आपली, आन् आत काय जळालं ते त्यांनी बघायचं. बरंय की." मग म्हणाले, "तवाच बोलायचं न्हाई का पोरी. मी त्या मानसाला शबुद दिलाय." त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि तो मला ऐकून घ्यावाच लागला. मी म्हणाले, माणसं बसलेली होती, लाज वाटली. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. खिशातून फोन काढला, गिऱ्हाइकाला लावला आणि सरळ सांगितलं, "उद्या येऊ नगा. जमीन काढायची न्हाई. व्हय, शबुद दिलता. चुकलं माझं."

धाकटा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. तो पायऱ्या उतरून आला. "ताई, तुमची हौस फिटली, फोटो झाले, पेढे झाले. आमची वेळ आली आन् गाडी खराब निघाली व्हय?" मामा म्हणाले, "गप ऱ्हा." तो मोटरसायकलला किक मारून गेला. मामी मला कढीपत्त्याची डहाळी तोडून द्यायला परसात गेल्या. माझी नजर त्यांच्यामागे गेली. घरामागे पाट होता आणि पाटापलीकडे ती दोन एकरं, कांदा काढून मोकळी झालेली.

गाडी मी विकलेली नाही. विकायची तर घेणाऱ्याला सगळं सांगावं लागेल, आणि सगळं ऐकून कोण घेईल. कंपनीला मात्र पत्र लिहिलंय, मला दुसरं काही नको, काय बिघडलं ते कागदावर लिहून द्या. अजून उत्तर आलेलं नाही. मामा परवा कवळी थोडी टोचते म्हणून येऊन गेले. बाकावरच्या माणसांनी गाडीचं विचारलं, तेव्हा माझ्याआधी तेच म्हणाले, "तीनदा बसली हाय. इचारा तिलाच." मी सांगितलं. सगळे हसले, मीही हसले.

एक राहिलं. मी वरवंडहून परत निघाले तेव्हा मन हलकं झालं होतं, आणि न्हावऱ्यापर्यंत मला वाटत होतं की ते खरं बोलल्याचंच आहे. पण त्यात थोडं असंही होतं, की आता या रस्त्यावर माझ्यासारखी दुसरी गाडी दिसणार नाही. त्या मुलाचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. हे मी मामांना सांगितलेलं नाही. आबा, तुम्ही समोर असता तर तुम्हांलाही सांगितलं नसतं.