मंगळवार, सायंकाळी पाच

शनिवार, १ फेब्रुवारी

क्लबच्या सभेत कार्यक्रमप्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली. दुसरं कोणी तयार नसेल, असं ही म्हणाली. ज्या घरात एकमत कधी पाहिलंच नाही, तिथे त्याची किंमत कशी कळणार?

दर शनिवारी एक पाहुणा वक्ता आणायचा आणि त्याचा परिचय करून द्यायचा. परिचय ही माझ्या मते स्वतंत्र कला आहे. वक्ता केवळ निमित्त.

शिवाय 'मंगळवारची सोबत' हा नवा उपक्रम. एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी प्रत्येक सदस्याच्या वाट्याला एक. मंगळवारी पाचला फोन करायचा, निदान दहा मिनिटं बोलायचं, मग निळ्या कार्डावर तीन रकाने भरून शनिवारी पेटीत टाकायचं: बोलणं काय झालं, मनःस्थिती कशी आहे, काही हवं आहे का. मला मिळाल्या भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका. वय एक्याऐंशी.

संकल्प: एकही मंगळवार चुकवायचा नाही. डायरी साक्षी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सायं. ५.४०

फोन केला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला. बाईंचा आवाज स्वच्छ. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असणार.

मी माझी ओळख करून दिली. संस्कृत घेऊन एम.ए. झालो, नोकरी विमा कंपनीत, वगैरे. मग क्लबच्या पाहुण्यांसाठी रचलेला स्वागतश्लोक ऐकवला. बाई म्हणाल्या, छान आहे, पण तिसऱ्या चरणात एक अक्षर जास्त झालंय का बघा.

भूगोलाच्या बाई!

बोलणं चार मिनिटं. मनं जुळली की दहा मिनिटं लागत नाहीत. कार्डावर लिहिलं: बाई प्रसन्न. काही नको.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिले वक्ते: कुलपं दुरुस्त करणारे कारागीर. माझा परिचय बावीस मिनिटं. कुलूप, किल्ली आणि मानवी मन यांवर बोललो. उरलेल्या वेळात ते गृहस्थ बोलले, पण नुसतं कुलपांबद्दल. अध्यक्ष (आमचे दातांचे डॉक्टर) म्हणाले, पंडित, पुढच्या वेळी पाहुण्यालाही तोंड उघडू द्या. धंद्यातला विनोद. मोठ्या मनाने हसलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुढच्या परिचयाचा मसुदा जोरात चालू असताना पाच कधी वाजले कळलंच नाही. ५.२० ला बाईंचाच फोन आला. हात गुंतलेला होता, म्हणजे पेन होतं हातात. समजूतदार बाई आहेत, त्यांना कळेल.

कार्ड कोरं टाकणं बरं दिसत नाही. अनुमान हेही प्रमाणच आहे, शास्त्राने मानलेलं. एक्याऐंशीच्या निवृत्त शिक्षिका मंगळवारी संध्याकाळी काय करत असतील? खिडकीपाशी बसल्या असतील. मांडीवर मांजर असेल. तसं लिहिलं. काही नको.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अध्यक्षांनी माझं कार्ड मोठ्यांदा वाचून दाखवलं! बाकीच्यांची कार्डं म्हणजे 'बरे आहेत', 'पाय दुखतो'. माझ्या कार्डात मांजर होतं, मावळतीचं ऊन होतं. टाळ्या पडल्या. खजिनदारबाईंचे डोळे ओलावले.

संकल्प: मंगळवारी दोनदा फोन करून मागचं भरून काढायचं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

५.१५ ला बाईंचा फोन. मी नेमका त्यांच्याबद्दलच लिहीत होतो. विषयाने मध्ये बोललं की लेखकाची लय जाते. आवाज बंद करून फोन उशीखाली ठेवला. उशी थरथरत राहिली. बराच वेळ. एवढा वेळ कोणी फोन धरून ठेवतं का?

कार्ड: मांजराला तीन पिल्लं झाली. त्यांना बाईंनी तीन खंडांची नावं दिली आहेत. काही नको.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज फोन आला नाही. बाईंनाही शिस्त लागली म्हणायची.

पाच वाजता उगाच थांबून राहिलो. फोन समोर ठेवला. घड्याळाकडे बघत होतो तर ही म्हणाली, कोणाची वाट बघताय? म्हटलं, कोणाचीच नाही.

कार्ड: तब्येत उत्तम. आवाजात नवी शांतता जाणवली.

शनिवार, १ मार्च

वक्ते: अग्निशमन दलातले अधिकारी. माझ्या परिचयाच्या सतराव्या मिनिटाला त्यांना कॉल आला नि ते निघून गेले. आग लहान होती, असं नंतर कळलं.

सभा संपल्यावर मात्र गर्दी माझ्याभोवती. बाई कशा आहेत? पिल्लांचे डोळे उघडले का? खजिनदारबाईंनी पिल्लांसाठी लोकरीची गादी विणली आहे, ती पोचवायची जबाबदारी माझी. गादी ऑफिसच्या खणात आहे.

मंगळवार, ४ मार्च

स्वागतश्लोक पाठ म्हणत दाढी करत होतो. तिसऱ्या चरणाशी आलो आणि मागून कोणी तरी हळूच खाकरलं. शिक्षक चूक दाखवण्याआधी खाकरतात तसं. मागे टॉवेल होता.

मंगळवार, ११ मार्च, सायं. ५.०५

बरोबर पाचला फोन वाजला. बाईंचा नंबर. दोन आठवडे गप्प राहून एकदम. कार्डाची पहिली ओळ नुकतीच लिहिली होती: 'आज बाई फार बोलल्या.' फोन अकरा वेळा वाजला. मोजले.

उचलणार होतो. पण काय बोलायचं? एवढं सगळं त्यांच्या वतीने बोलून झालं होतं.

शनिवार, १५ मार्च

आनंदाची बातमी म्हणायला हवी. ५ एप्रिलच्या वर्धापनदिनाला प्रमुख वक्त्या म्हणून कोणाला बोलवायचं हे ठरलं: माझ्या बाईंना. विषय, 'एकटेपणातला आनंद'. अध्यक्ष म्हणाले, पंडित, तुमच्या शब्दाखातर येतील त्या, तुम्हीच आणा. अख्ख्या सभेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मान माझीच होती, पण मी डोलावली असं म्हणवत नाही.

बुधवार, १९ मार्च

काल पाचला पुन्हा रिंग. आज सकाळी अकराला धीर करून मीच केला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पहिल्या रिंगला उचलणारी बाई!

रागावल्या असतील. रविवारी समक्ष जातो. गादी नेतो. विनयशील माणसावर कोणी फार वेळ रागावू शकत नाही.

रविवार, २३ मार्च

घराला कुलूप.

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवून म्हणाल्या, कोण हवंय? सांगितलं. म्हणाल्या, अहो, त्या गेल्या की. वीस फेब्रुवारीला, झोपेतच. तुम्ही कोण त्यांचे?

मी कोण, हे चटकन सुचलं नाही. नुसती गादी पुढे केली. म्हटलं, मांजरांसाठी आहे. त्या म्हणाल्या, कसली मांजरं? मांजर नुसतं दिसलं तरी शिंका यायच्या त्यांना.

खिडकीतून आत पाहिलं. कोपऱ्यात स्टुलावर फोन. त्याच्याकडे तोंड करून एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर शाल, अर्धवट घसरलेली, आत्ताच कोणी तरी उठून गेल्यासारखी.

बसने येताना हिशेब केला. वीस फेब्रुवारीनंतर मी चार कार्डं लिहिली. चारही वेळा तब्येत उत्तम.

आणि अकरा नि अठरा मार्चला फोन कोणी केला?

मंगळवार, २५ मार्च

पाचला वाजला. तोच नंबर.

मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. ही बाहेरून म्हणाली, अहो, उचला की, की कोणी पाहुणी आहे जिचा परिचय अजून लिहून झाला नाही? म्हटलं, राँग नंबर आहे. ती म्हणाली, न उचलताच कसं कळलं?

कार्ड: बाई शांत आहेत. काही नको. (हे दोन्ही खोटं आहे असं कोणालाही म्हणता येणार नाही.)

संकल्प: शनिवारी सगळं खरं सांगून टाकायचं.

शनिवार, २९ मार्च

वातावरण अनुकूल नव्हतं. खजिनदारबाई म्हणाल्या, माझी स्वतःची आई गेल्यापासून तुमच्या कार्डाची वाट बघते हो मी. अशा वेळी खरं सांगणं म्हणजे क्रौर्य. माझ्या स्वभावात ते नाही.

मंगळवार, १ एप्रिल

फोन हिने उचलला! मी घड्याळामागे लपवला होता तिथून काढून.

बाईंची भाची. मंगळवारी अर्धा दिवस रजा घेऊन मावशीचं घर आवरायला जाते. फोनपाशी वहीत माझा नंबर होता, वर 'मंगळवार, पाच' असं लिहिलेलं. म्हणून पाचलाच करत होती. म्हणजे भूत वगैरे काही नाही. मी कधी मानलंच नव्हतं.

हिने तिला थेट अध्यक्षांचा नंबर देऊन टाकला. क्लबचं काम आहे म्हणाली हो ती, असं वर मलाच सांगते.

बुधवार, २ एप्रिल

अध्यक्षांचा फोन. आवाज जड. म्हणाले, पंडित, बाई गेल्या हो, तुम्हाला केवढा धक्का असेल. कधी गेल्या, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दुःखात तारखा काढू नयेत. वर्धापनदिनाला आता भाची बोलणार. परिचय मी करून द्यायचा.

श्रद्धांजलीपर मसुदा हाती घेतला आहे. एकोणीस मिनिटांचा होईल. माझं आजवरचं सर्वोत्तम काम.

शनिवार, ५ एप्रिल

हॉल भरलेला. मी बोललो. मांजर, पिल्लं, मावळतीचं ऊन. 'अगदी गेल्या महिन्यात मला म्हणाल्या' असंही बोललो. ते मसुद्यात नव्हतं. आपोआप आलं. पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

भाची उठली. शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. भाषणाची सवय नाही म्हणाली. मावशी वीस फेब्रुवारीला गेली म्हणाली, सहज, तारीख सांगावी तशी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग वही उघडून वाचलं. सहा मिनिटं पुरली नसतील. शब्द न शब्द लक्षात राहिला. एरवी माझं पाठांतर इतकं चांगलं नाही.

'४ फेब्रुवारी. क्लबमधून फोन. मुलगा चांगला आहे, संस्कृत शिकलेला. श्लोकातली चूक काढायला नको होती. हिरमुसला. पुढच्या मंगळवारी पुन्हा म्हणायला सांगायचा आणि कौतुक करायचं.'

'११ फेब्रुवारी. फोन नाही. मीच केला. कामात असेल. फोनपाशी दिवा गेलाय, कोणी बदलून देईल का, विचारायचं होतं.'

'१८ फेब्रुवारी. फोन नाही. कामात असेल. अंधारात बसले. मंगळवारी नक्की.'

पुढची पानं कोरी. फक्त वर्ष संपेपर्यंतच्या सगळ्या मंगळवारांवर बाईंनी आधीच 'पाच वाजता' असं लिहून ठेवलेलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खजिनदारबाई कार्डांची पेटी उघडून निळी कार्डं एकेक करून बघत होत्या. तिसरा रकाना बघत असाव्यात. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. ते राहिलं.

रविवार, ६ एप्रिल

अध्यक्षांना निरोप पाठवला: समक्ष येऊन खुलासा करू इच्छितो. उत्तर आलं: नको, मीच फोन करतो, मंगळवारी पाचला.

खुलाशाचा मसुदा नऊ पानी झाला. ही म्हणाली, एक ओळ पुरेल, आणि चहा ठेवून गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ७ एप्रिल

शिवणकामवाल्या बाईंकडून किल्ली घेतली आणि बाईंच्या फोनपाशी दिवा बदलून आलो. भाचीने तो आधीच बदलला होता. चालू दिवा काढून चालू दिवा लावला.

तिथे उभ्या उभ्या श्लोकाची अक्षरं बोटांवर मोजली. तिसऱ्या चरणात एक जास्त आहे.

मंगळवार, ८ एप्रिल, सायं. ५.१०

पावणेपाचपासून फोनसमोर खुर्ची घेऊन बसलो आहे. नऊ पानं फाडली. एक ओळ पाठ केली आहे.

फोन आलेला नाही. कामात असतील.